गाडीतली मागची बॅटरी आणि चार्जरचं बटण

आमच्या गाडीत एक छोटा बारा व्होल्टचा फ्रिज आहे आणि त्यात आईच्या इन्सुलिनची पेनं असतात. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावं लागतं. रात्री बॅटरी बसली, फ्रिज बंद पडला आणि सकाळी लक्षात आलं, तर तो साठा वापरायचा की नाही याचा घोर लागतो. म्हणून ही बॅटरी भरणाऱ्या चार्जरचं बटण बॅटरीच्या कुठल्या प्रकाराच्या दिव्यावर ठेवायचं, हा प्रश्न मी फार मनावर घेतला.

गाडी म्हणजे जुनी फोर्स ट्रॅव्हलर. पुण्याच्या ओळखीतून आली तेव्हाच आत दोन बाकं, छोटा ओटा आणि बाकाखाली वेगळी बॅटरी अशी कॅरॅव्हॅनची रचना केलेली होती. इंजिनाची बॅटरी पुढे, ही मागची. फ्रिज चालू असताना साधारण ४ अँपिअर ओढतो. आमच्याकडच्या उकाड्यात त्याचा कॉम्प्रेसर निम्मा वेळ तरी चालतोच, म्हणजे चोवीस तासांत ४८ एएच (अँपिअर-तास) गेले. बॅटरी १०० एएचची. ती टिकवायची तर निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हातात उरते एका दिवसाची बेगमी. गाडी चालताना इंजिनावर फिरणारा अल्टरनेटर ती थोडी भरतो, पण किनाऱ्याचा आमचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा. गुहागरहून निघालं की तवसाळला जेट्टीवर थांबा, फेरीबोटीने जयगडला उतरा, की गणपतीपुळे आलंच. एवढ्याशा चालण्यात बॅटरी पूर्ण भरत नाही. शेवटचा भाग भरायला तासन् तास लागतात, ते काम मुक्कामाच्या घरच्या प्लगवरच होतं.

चार्जर मी नवा घेतला, २० अँपिअरचा. त्यावर एक बटण आणि पाच दिवे: जेल, नॉर्मल, एजीएम, लिथियम, रिपेअर. जेल बॅटरीत अ‍ॅसिड जेलीसारखं घट्ट असतं, एजीएममध्ये ते काचतंतूंच्या गादीत शोषलेलं असतं. बटण दाबलं की दिवा पुढे सरकतो, बस. कुठला दिवा का, हे ज्याला विचारावं तो वेगळं सांगायचा. एका गॅरेजवाल्या दादांनी सांगितलं, "ताई, सीलबंद आहे ना? मग जेल." बॅटरीच्या दुकानातले काका म्हणाले, "सरळ एजीएमवर टाका, लवकर भरेल." शेजारचे भाऊ तर म्हणाले, हे सगळं काढून घरच्या इन्व्हर्टरसारखी उंच ट्युब्युलर बसवा, स्वस्तात काम होतं. ते मी लगेच बाजूला ठेवलं. ती पाण्याची बॅटरी, चार्ज होताना पेट घेणारा हायड्रोजन सोडते, आणि बंद गाडीत ती आई झोपते त्या बाकाखाली ठेवायची नाही, एवढं माझं पक्कं होतं. शिवाय घाटातल्या वळणांवर अ‍ॅसिड सांडायची भीती वेगळीच.

मग मी बॅटरीच बाहेर काढायला लावली. धाकटा भाऊ आणि मी, दोघांनी मिळून. वजन तीस किलोच्या आसपास असावं. वरचं स्टिकर घासून पांढरं झालेलं होतं, पण भिंतीला टेकलेली बाजू शाबूत होती. ओल्या फडक्याने पुसल्यावर बारीक अक्षरांत दोन ओळी दिसल्या. सायकल वापरासाठी १४.४ ते १४.७ व्होल्ट; स्टँडबाय वापरासाठी १३.५ ते १३.८. खाली लिहिलं होतं, सुरुवातीचा करंट जास्तीत जास्त ३० अँपिअर, आणि हे सगळे आकडे २५ अंश तापमानाला. शेजारी मॉडेल नंबर. त्या नंबरावरून कंपनीचं माहितीपत्रक मिळवलं तेव्हा कळलं, बॅटरी एजीएम आहे. बाहेरून जेल आणि एजीएम ओळखता येत नाहीत, दोन्ही सीलबंद, हलवलं तरी आत काही डुचमळत नाही. त्यामुळे अंदाज नको, मॉडेल नंबरच शोधा.

सायकल म्हणजे रोज वापरून रोज भरायची, आमच्यासारखी. स्टँडबाय म्हणजे भरलेली बॅटरी तशीच जोडून ठेवायची. प्रवासात पहिली ओळ लागू, गाडी दारात उभी असताना दुसरी. चांगला चार्जर हे स्वतः करतो: आधी जोरात करंट देतो, मग वरच्या व्होल्टेजवर धरून ठेवतो, करंट उतरला की खाली फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी तशीच राखायच्या कमी व्होल्टेजवर येतो. पाच दिव्यांतला खरा फरक असतो तो मुख्यतः त्या वरच्या आकड्यात. माझ्या चार्जरच्या पुस्तिकेत जेलला १४.१, नॉर्मलला १४.४, एजीएमला १४.७ आहे. सगळ्या कंपन्यांचे आकडे हेच असतील असं नाही, म्हणून दिव्याच्या नावावर जाऊ नका, पुस्तिकेतला आकडा बघा.

व्होल्टेज कमी पडलं तर बॅटरी दर वेळी थोडी अर्धवट राहते, आतल्या प्लेटांवर लेड सल्फेट कडक होत जातं आणि १०० एएचची बॅटरी हळूहळू साठचीच उरते. जास्त झालं तर आतलं पाणी वायू होऊन व्हॉल्व्हमधून निघून जातं, आणि सीलबंद बॅटरीत ते परत घालता येत नाही. खरी जेल असती तर १४.७ ने तिच्यात कायमचे बुडबुडे धरले असते.

एवढ्यावर एजीएमचा दिवा लावून मोकळं व्हावं असं कुणालाही वाटेल. पण स्टिकरवरचे ते २५ अंश माझ्या डोक्यातून जाईनात. आमच्याकडे मे महिन्यात २५ अंश पहाटेसुद्धा मिळत नाहीत. फ्रिजचं तपासायला घेतलेला वायरवाला थर्मामीटर मी बॅटरीच्या अंगाला चिकटपट्टीने लावला. गाडी सुरूच्या झाडांच्या सावलीत, खिडक्या उघड्या, तरी दुपारी बाकाखाली ३८. माहितीपत्रकात लिहिलंय, सायकल वापरात २५ च्या वर दर अंशाला ३० मिलिव्होल्ट कमी करा. ३८ वजा २५ म्हणजे १३ अंश, गुणिले ३०, झाले ३९० मिलिव्होल्ट, जवळजवळ ०.४ व्होल्ट. म्हणजे १४.४ ते १४.७ ची ती ओळ आमच्या मे महिन्यात १४.० ते १४.३ होते. एजीएमचा दिवा १४.७ देणार, तो सरळ या ओळीच्या वर गेला. आणि जेलचा दिवा, १४.१, बरोबर मध्ये बसला. माझ्या चार्जरला तापमान कळत नाही, त्यामुळे हे त्याच्या वतीने मलाच करावं लागतं.

एरवी, बाकाखाली तिशीच्या आसपास असतं तेव्हा, ०.१५ वजा करून ओळ होते १४.२५ ते १४.५५. तिथे नॉर्मलचा १४.४. किनाऱ्यावर असताना एजीएमचा दिवा मी लावतच नाही, बॅटरी एजीएम असूनही. थंडीत कधी वर घाटमाथ्यावर मुक्काम पडला तर त्याचा विचार होईल. रिपेअरचा दिवा तर १५.८ पर्यंत चढतो. तो सीलबंद बॅटरीला नाहीच, आणि फ्रिज जोडलेला असताना मुळीच नाही.

आकडा ठरला तरी तो बॅटरीपर्यंत पोचतो का, हे मल्टिमीटरने बघावं लागलं. चार्जर मागच्या दाराशी बसवलेला, बॅटरी चार मीटरवर, मधली वायर ६ चौरस मिलिमीटरची. पूर्ण २० अँपिअर जात असताना चार्जरवर १४.१ आणि बॅटरीच्या टोकांवर १३.६. अर्धा व्होल्ट वायरीत गेला. करंट उतरला की ही तूट मिटते, म्हणून नुकसान नाही, पण चार्जर त्याआधीच वरच्या आकड्याला पोचल्यासारखं समजतो आणि भरायला वेळ फार लागतो. जाड वायर ओढण्यापेक्षा चार्जरच बाकाशेजारी सरकवला आणि घरातल्या प्लगची लांब वायर बाहेर काढली. तूट जवळपास गेली.

दुसरी गोष्ट फ्रिजची. चार्जिंग चालू असताना फ्रिजही ४ अँपिअर ओढत असतो, आणि चार्जरला वाटतं बॅटरीच अजून घेतेय. तो फ्लोटवर उतरत नाही, वरच्या व्होल्टेजलाच अडून बसतो. लांब मुक्काम असेल तर बॅटरी भरेपर्यंत पेनं यजमानांच्या फ्रिजात ठेवते आणि आमचा बंद करते. यजमान हमखास विचारतात, लाईटबिल किती वाढेल? निम्मी बॅटरी भरायला एखादं युनिट लागतं. साध्या सॉकेटवर दीड अँपिअरच्या आसपास जातात, फ्यूज उडायचं कारण नाही.

पावसाळ्यात लाईट जाणं आमच्या पाचवीला पुजलेलं, म्हणून एक तपासणी मुद्दाम केली. नॉर्मलवर ठेवून बोर्डाचं बटण बंद केलं, थोड्या वेळाने चालू केलं, दिवा तोच राहिला. काही चार्जर लाईट आली की आपल्या मूळच्या दिव्यावर परत जातात. तसा असेल तर त्याच्या भरवशावर रात्रभर सोडू नये. तरीही जून ते गणपतीपर्यंत गाडी उभी असताना मी चार्जर कायम जोडून ठेवत नाही. लाईट जा-ये करते तसा तो दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो आणि भरलेल्या बॅटरीला पुन्हा वर ढकलतो. त्यापेक्षा पूर्ण भरून मायनसची वायर काढून ठेवते. एजीएम आपोआप फार कमी उतरते, महिन्यातून एकदा रात्रभर लावलं की पुरतं. काही तास तशीच ठेवून मीटर लावला आणि १२.८ च्या आसपास दिसलं की ती भरलेली आहे. टर्मिनलवर व्हॅसलिनचा हात फिरवायचा, नाहीतर खाऱ्या हवेने हिरवट पांढरी भुकटी धरते.

भाऊ आता स्वतःची गाडी करतोय. तो लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यायच्या विचारात होता. तिचा दिवा वेगळा, तापमानाची वजाबाकी तिला करायची नाही, रिपेअरच्या जवळही न्यायची नाही. किंमत ऐकून तूर्त त्यानेही एजीएमच घेतली, पण चार्जर तापमानाची वायर असलेला. त्याने एजीएमचा दिवा लावला तरी चालतो, उन्हाळ्यात चार्जर स्वतः खाली येतो. मी त्याला एवढंच सांगितलं, की त्या वायरीचं टोक बॅटरीच्या अंगालाच पक्कं चिकटव. फ्रिजच्या गरम हवेपाशी लोंबत राहिलं, तर चार्जर बॅटरीऐवजी फ्रिजचं तापमान बघून व्होल्टेज उतरवेल.