जामाचं झाड

दुपारी तीनच्या उन्हात कोपऱ्यावर पेरूची गाडी उभी होती. गाडीवाला फोनवर गावाकडच्या कुणाशी बोलत होता. त्या बोलण्यात 'अमरूद' आलं, आणि फोन खांद्यात तसाच दाबून त्याने मला विचारलं, "ताई, पेरू लाल देऊ का पांढरा?" भाषा बदलली तसं फळाचं नाव बदललं, सुरी मात्र थांबली नाही. खालचा देठ शाबूत ठेवून चार फाका, आत तिखट-मीठ.

अमरूद म्हणजे मुळात फारसीतली नाशपाती. तुर्की भाषेत नाशपातीला आजही 'आरमुत' म्हणतात, तेही त्याच कुळातलं. म्हणजे अमेरिकेतून आलेलं हे फळ उत्तरेतल्या कुणीतरी हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि ठरवून टाकलं, ही नाशपातीच. गंमत म्हणजे पोर्तुगीज नाशपातीला 'पेरा' म्हणतात आणि बंगाल्यांचा पेयारा, मल्याळींची पेरक्का तिथूनच आली. लिनियससारखा शास्त्रज्ञही सुटला नाही. त्याने यातल्या एका प्रकाराला 'नाशपाती धरणारा' अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं.

आपला पेरू त्याच घरातला असावा, असं मला वाटतं. पण भूगोलाच्या नकाशात पेरू देश सापडला त्या दिवशी मी मनात लिमा शहराच्या दुतर्फा पेरूची झाडं लावली होती, ती अजून उपटवत नाहीत. बरं, पोर्तुगालमध्ये जाऊन पेरू मागितला तर ताटात टर्की येईल, कारण त्यांच्याकडे पेरू म्हणजे तो पक्षी. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं, तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात, आणि तो बिचारा मूळचा मेक्सिकोकडचा. असो. त्याच्यामागे लागले तर इथे तिखट-मिठाला पाणी सुटेल.

आमच्या अकोल्याच्या घरी मात्र हे फळ ना पेरू होतं ना अमरूद. ते जाम होतं. परसात विहिरीच्या कडेला जामाचं झाड. त्याची सालपटं निघालेली गुळगुळीत फांदी मांडीखाली गार लागायची. पोपटाने टोचलेला जाम सगळ्यात गोड, हा आजीचा सिद्धांत, त्यामुळे उष्टा जाम कुणाचा यावरून भांडणं. वडिलांची बदली झाली आणि चौथीत मी पुण्याच्या शाळेत आले. पहिल्याच आठवड्यात ऐटीत सांगितलं, "आमच्याकडे जामाचं झाड आहे." मागच्या बाकावरून आवाज आला, "बाटल्या लागतात का गं त्याला?" अख्खा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या, पदराआड. गुजराती जामफळ म्हणतात, तेलुगू लोक जाम म्हणतात, हे तेव्हा माहीत असतं तर मी अर्धा देश माझ्या बाजूने उभा केला असता. त्या दिवशी नुसती पाटी पुसत बसले.

"कुठला हो हा?" मी गाडीवाल्याला विचारलं.

"लखनौ," तो छाती काढून म्हणाला.

आता याला काय सांगायचं? 'लखनौ ४९' ही जात निवडली गेली ती इथेच, पुण्याच्या गणेशखिंडीच्या बागेत, १९२७ साली. नाव लखनौचं, जन्म पुण्याचा, विकणारा परत तिकडचाच. मी गप्प राहून अर्धा किलो घेतले.

संध्याकाळी आईला फोन केला. बाकी सगळं बोलून झाल्यावर म्हटलं, "आज पेरू आणलेत. छान निघाले."

ती जरा थांबली. "जाम म्हण नं," म्हणाली.

"तेच गं."

"तेच कसं?"

मग ती गुडघ्याच्या तेलाबद्दल बोलायला लागली.