रक्त, पाणी आणि बेस्तरवारची पाळी

भाचीचा प्रश्न साधा होता. एकाच रविवारी तिच्या मावसबहिणीचा साखरपुडा आणि मैत्रिणींबरोबरचा हरिश्चंद्रगड असे दोन्ही येऊन बसले होते, आणि तिला गडावर जायचं होतं. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, गवारीच्या शिरा काढता काढता मान वर न करता म्हणाली, "मैत्रिणी आज आहेत, उद्या नाहीत. शेवटी रक्ताचं ते रक्ताचं."

भाचीने मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. "मामा, तू सांग आईला. ती म्हण मुळात उलटी आहे."

एका सूर्यास्ताच्या चित्रावर इंग्रजी वाक्य छापलं होतं. 'ब्लड इज थिकर दॅन वॉटर' हे म्हणे झिजून उरलेलं रूप. अख्खी म्हण अशी: 'द ब्लड ऑफ द कॉव्हेनंट इज थिकर दॅन द वॉटर ऑफ द वूम'. शपथ घेऊन जोडलेलं रक्त आईच्या पोटातल्या पाण्यापेक्षा दाट. लढाईत खांद्याला खांदा लावून रक्त सांडलेला सोबती सख्ख्या भावाहून जवळचा. थोडक्यात, हरिश्चंद्रगड साखरपुड्याहून दाट.

पंच म्हणून मला नेमण्याचं कारण एवढंच की मी ३२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. रक्ताचा विषय निघाला की आमच्या घरात सगळे माझ्याकडे बघतात. मग तो अहवालातल्या आकड्यांचा असो नाहीतर नात्यागोत्याचा.

दाटपणापुरतं इंग्रजांचं खरं आहे. रक्त पाण्याच्या तिप्पट-चौपट दाट भरतं. अंगात तांबड्या पेशी कमी झाल्या तर पातळ होतं, वाढल्या तर आणखी दाट. आमच्या घरात साठीपुढचे निम्मे लोक तर सकाळी चहाबरोबर रक्त पातळ करायची गोळी घेतात, त्यांना ही म्हण कितपत लागू करावी हा प्रश्नच आहे. पण लॅबमध्ये बसून माझ्या मनात वेगळंच यायचं. 'माझं रक्त घ्या, मी सख्खा भाऊ आहे' असं छाती पुढे काढून सांगणारा माणूस यायचा, आणि गट जुळायचा नाही. जुळायचा तो व्हरांड्यात डबा घेऊन आलेल्या शेजाऱ्याचा. सख्ख्या नात्याची तर आणखी एक गंमत आहे. आई-बाप, भाऊ-बहीण यांचं रक्त द्यायचंच झालं, तर आधी त्यावर किरणांचा मारा करतात. नाहीतर क्वचित असं होतं, की दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या म्हणून ओळखूच येत नाहीत. त्या आत घर करतात आणि मग घरमालकावरच उलटतात. भाऊबंदकीची याहून नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही.

मुंबईने तर रक्ताच्या नात्याची चांगलीच फिरकी घेतली. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक रक्तगट शोधला, तो जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणूनच ओळखला जातो. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण त्या माणसाला 'ओ' गटाचंही रक्त चालत नाही. फक्त स्वतःच्याच गटाचं चालतं. आई-बापांचे गट आणि मुलाचा गट यांचा मेळही कधी कधी लागत नाही, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो भलतीच शंका घेऊन बसतो.

असो. भाचीला म्हटलं, बघून सांगतो. निवृत्त माणसाला एवढं निमित्त पुरतं.

तर ११८०च्या आसपासचं एक जर्मन काव्य आहे, 'राइनहार्ट फुक्स', एका लबाड कोल्ह्याचं. त्यात एक ओळ येते, तिचा अर्थ असा: आणि मी असंही ऐकतो, की गोतातलं रक्त पाण्याने नासत नाही. त्यातलं 'ऐकतो' मला फार आवडलं. साडेआठशे वर्षांपूर्वीसुद्धा ही म्हण 'आलंय ते पुढे पाठवतोय' याच थाटात आली होती. दाट-पातळ अजून नव्हतंच. पाण्याने बिघडत नाही, एवढंच.

इंग्रजीतलं आजचं रूप १७८९ साली जॉन मूर या स्कॉटिश डॉक्टरच्या कादंबरीत भेटतं, आणि १८१५ साली वॉल्टर स्कॉटच्या 'गाय मॅनरिंग'मध्ये. स्कॉटचा शेतकरी एका बाईला दिलेल्या चीजबद्दल आणि डुकराच्या तंगड्यांबद्दल म्हणतो, असो, रक्त पाण्यापेक्षा दाट, दिलं ते दिलं. हे वाचून मला आमच्याकडची लग्नं आठवली. आहेर कमी आला की 'जाऊ दे, आपलीच माणसं' म्हणतात, तो सूर. प्रेम उतू चाललंय म्हणून ही म्हण सहसा कुणी काढत नाही. ती निघते कुठलातरी हिशेब मिटवायला, नाहीतर काहीतरी मागायला.

मागण्याचा सर्वांत मोठा प्रसंग चीनमध्ये घडला. तारीख २५ जून १८५९, दुसऱ्या अफूच्या युद्धाचे दिवस. पैहो नदीच्या मुखाशी ताकूचे किल्ले आहेत. ब्रिटिश अ‍ॅडमिरल जेम्स होप याने गनबोटी घालून त्यांच्यावर हल्ला केला, आणि चिनी तोफांनी त्याला असा चोपला की होप स्वतः जखमी होऊन पडला. जवळच अमेरिकेचा कमोडोर जोसाया टॅटनॉल हे सगळं बघत होता. अमेरिका या भांडणात तटस्थ. शिवाय टॅटनॉल कोवळ्या वयात, १८१२च्या युद्धात, याच ब्रिटिशांशी लढलेला. नियमाने त्याने हाताची घडी घालून उभं राहायचं. पण त्याने आपल्या भाड्याच्या आगबोटीला ब्रिटिशांची मागे अडकलेली कुमक बांधली आणि ओढत लढाईत नेऊन सोडली. होपला भेटायला स्वतः गेला. त्याची माणसं तर तोफांवरही हात चालवून आली. तटस्थपणा का मोडला, तर उत्तर तयार होतं: 'ब्लड इज थिकर दॅन वॉटर'.

ब्रिटनमध्ये या वाक्याचं केवढं कौतुक झालं. पण इथे रक्त कुणाचं होतं? मामाचं नाही, मावशीचं नाही. चुलीपाशी बोलायची म्हण बंदरावर गेली आणि रक्ताचा अर्थ घराणं सोडून वंश झाला. समोर मरत होते त्या चिन्यांच्या अंगातही पाणी नव्हतं.

दोनच वर्षांनी अमेरिकेत यादवी पेटली. टॅटनॉल जॉर्जियाचा, तो दक्षिणेकडे गेला आणि ज्या आरमारात सगळं आयुष्य काढलं त्याच्याविरुद्ध उभा राहिला. आता दोन्हीकडे एकच रक्त. म्हण लावणार कुठे?

आता भाचीची उलटी म्हण. १८८५ साली हेन्री क्ले ट्रंबुल नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकाने रक्ताच्या आणाभाकांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो, आपण पश्चिमेकडचे लोक रक्त पाण्यापेक्षा दाट मानतो, अरब मात्र रक्त दुधापेक्षा दाट मानतात. एका बाईच्या अंगावर दूध प्यालेल्या भावांपेक्षा, एकमेकांचं रक्त चाखून झालेले भाऊ जास्त जवळचे. इथवर ठीक. पण गर्भातल्या पाण्याचा पत्ता नाही. जुन्या म्हणींच्या संग्रहांतही ते वाक्य नाही. ते गेल्या तीसेक वर्षांत उगवलं, आणि ज्यांनी लिहिलं त्यांनी आधार म्हणून काही दिलेलं नाही.

हे दुधाचं मात्र आपल्याला नवीन नाही. 'दूधभाऊ' हा शब्द मराठीत मुरलेला आहे. संभाजीराजांना अंगावर पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचं नाव आजही त्यांच्या आईच्या नावामागोमाग घेतलं जातं. मुसलमानी कायद्यात तर दूधभाऊ-दूधबहिणीचं लग्नच होऊ शकत नाही. आमच्याकडे चरवीतल्या दुधात पाणी, आणि नात्यात दूध.

उलटी म्हण बनावट निघाली म्हणून मला आनंद झाला नाही. ती कुणाला हवीशी वाटते हे कळतं. ज्यांना घरात जागा मिळाली नाही, ज्यांच्या आजारपणात होस्टेलची पोरं उशाशी बसली आणि काकांचा फोनही आला नाही, त्यांनी काय 'रक्ताचं ते रक्ताचं' म्हणत बसायचं? 'मला हे पटत नाही' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण बंडालाही पूर्वजांची परवानगी लागते. रक्त मानू नका सांगणाऱ्या म्हणीलासुद्धा खानदान जोडून द्यावं लागलं, याचं हसू येतं.

त्यापेक्षा ऑल्डस हक्सलेने १९२० साली एका कवितेत केलेला उपाय सरळ आहे. रक्त पाण्यापेक्षा दाट हे सगळ्यांनाच ठाऊक, तो म्हणतो, पण देवाची कृपा, पाणी रक्तापेक्षा रुंद आहे.

इथे मी थबकलो. कारण पाणी रुंद असतं हे आपल्या धर्मशास्त्राने केव्हाच मोजून ठेवलं आहे. 'मिताक्षरा' लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराच्या मते सपिंड म्हणजे ज्यांच्या देहात एकाच शरीराचे अंश आहेत ते. ही झाली त्यांची रक्ताची गोष्ट. पण ती बापाकडून सात पिढ्या आणि आईकडून पाच पिढ्या गेली की संपते. त्यापुढचे ते समानोदक. उदक म्हणजे पाणी. एकाच पितराला पाणी देणारे. हे नातं चौदाव्या पिढीपर्यंत धरतात, आणि मनुस्मृती तर म्हणते, जन्म आणि नाव आठवेनासं होईपर्यंत. १९५६चा वारसा कायदा येईपर्यंत हा शब्द कोर्टात चालत होता, समानोदक म्हणून इस्टेटीवर हक्क सांगता येत होता. देहाचा हिशेब सातव्या पिढीला मिटतो, पाण्याचा त्याच्या दुप्पट लांब जातो.

आणि म्हणींचं बघा. इंग्रज पाण्याला परकं मानतो. आपण म्हणतो, काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही. इथे पाणी हेच नातं. भांडणाची काठी पडते, चर उमटते, मिटते. अर्थात याच भाषेने भाऊबंद या शब्दाला नुसती 'की' लावून भाऊबंदकी केली आणि तिचा अर्थ वैर ठेवला. दोन्ही एकाच तोंडाने म्हणायची सोय आपण करून ठेवली आहे. शिवाय नातं तोडायचं तरी 'पाणी सोडलं' म्हणायचं, मुलगी द्यायची तरी हातावर उदक सोडायचं. जोडणं-तोडणं सगळं पाण्यावर.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. सगळं म्हणजे बरंचसं. मनुस्मृतीपाशी तिने जांभई दिली. "ते असू दे," ती म्हणाली, "तुझं मत काय? जाऊ का नको?"

मत द्यायला मी तिच्या आईचा भाऊ असल्यामुळे मोकळा नव्हतो. म्हणून तिला गावाकडच्या विहिरीची गोष्ट सांगितली.

तासगावकडे आमची एक जुनी विहीर आहे. वाटण्या झाल्या तेव्हा जमीन तुटली, विहीर कशी तुटणार? तिच्यात तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आठ आणे हिस्सा, चुलत्यांचा आठ आणे. पाण्याच्या पाळ्या ठरल्या. मग द्राक्षबागा आल्या, मोटारी आल्या, आणि लाईट आठवड्यातून काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री यायला लागली. कुणाच्या पाळीला दिवसाची लाईट आली आणि कुणाला रात्री बॅटरी घेऊन बांधावर जावं लागलं, यावरून जे सुरू झालं ते ११ वर्षं चाललं. बोलणं बंद. एकमेकांच्या दारावरून वरात गेली तरी बँड तेवढ्यापुरता थांबायचा.

तात्यांचं ऑपरेशन सांगलीला झालं. रक्त जास्त गेलं. त्यांचा गट बी निगेटिव्ह, आणि मी रक्तातच नोकरी करून हात चोळत बसलेलो, कारण माझा गट आईवर गेला. रात्री दोनच्या सुमाराला चुलतभाऊ मोटरसायकलवरून आला. कुणी कळवलं हे त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्याचाही गट जुळत नव्हता, 'ओ' पॉझिटिव्ह. तेव्हा रक्तपेढीतून जेवढ्या पिशव्या न्यायच्या तेवढ्या कुठल्याही गटाच्या भरून द्याव्या लागत. तो काही न बोलता बाही वर करून कॉटवर आडवा झाला. त्याची शीर मीच धरली. सुई आत गेली तेव्हाही त्याने माझ्याकडे बघितलं नाही, वर पंख्याकडे बघत राहिला.

पिशवी भरली. मी कापूस लावून त्याचा हात मुडपून धरला. त्याला बिस्किटाचा पुडा आणि चहा आणून दिला. चहा त्याने बशीत ओतून प्यायला, तात्यांच्या खोलीत दारातूनच डोकावला, आणि जिन्याकडे निघाला. दोन पायऱ्या उतरला आणि वळला.

"दादा," ११ वर्षांनी तो मला म्हणाला, "तात्यास्नी बरं वाटू द्या, मग बोलू. पर बेस्तरवारची पाळी आमचीच हाय, तेवढं ध्येनात ऱ्हाऊ द्या."