क्रीगबाउम सापडली! डॅनिव्हर्कच्या हान्सेन घराण्याचा शोध, पुढचा भाग

मंडळी, गाठ सुटली. डेन्मार्कहून न्यूझीलंडच्या डॅनिव्हर्कला गेलेल्या माझ्या सासरच्या हान्सेन घराण्याचं डेन्मार्कच्या जटलंड भागातलं गाव सापडलं, आणि तेही मूळपुरुषाच्या नव्हे, त्याच्या बायकोच्या माहेरच्या नावावरून. काल रात्री तिथल्या फ्रेडरिक्स पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या) विवाहनोंदीचं पान पडद्यावर उघडलं, तेव्हा नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं. घराणं त्याचंच आहे, त्याला बघायला हवंच होतं.

मागच्या भागात आपण कोपनहेगन पोलिसांच्या स्थलांतर-वह्यांपाशी अडलो होतो. 1869 पासूनच्या त्या वह्यांत आपलं जोडपं नाही. हातात होतं ते एवढंच: सासऱ्यांचे पणजोबा-पणजी 15 सप्टेंबर 1872 ला 'बॅलरॅट' जहाजातून नेपिअरला उतरले. नॉर्वेजियन मंडळींना घेऊन 'होव्हडिंग' त्याच दिवशी बंदरात आलं. ऑक्टोबरच्या मध्यावर सेव्हंटी माइल बुशच्या जंगलात डॅनिव्हर्क वसलं. प्रवासी यादीत राष्ट्रीयत्व 'डेन', नागरिकत्वाच्या कागदावर जन्मस्थान 'डेन्मार्क'. गावाचं नाव कुठेच नाही.

आता 'हान्सेन'चं दुखणं. आपल्याकडे बापाचं नाव मधे येतं आणि आडनाव पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. एकोणिसाव्या शतकातल्या डॅनिश खेड्यात बापाचं नाव हेच आडनाव होतं. बाप हान्स म्हणून मुलगा हान्सेन, आणि त्या मुलाचं नाव पेदर असेल तर नातू पेदरसेन. 1828 च्या फर्मानाने बाप्तिस्म्याच्या वेळीच कायमचं घराण्याचं नाव द्यायला सांगितलं, पण खेड्यातले बरेचसे पाद्री जुन्याच चालीने चालत राहिले. 1856 मध्ये सरकारला पुन्हा बजावावं लागलं. आपला मूळपुरुष 1841 चा, म्हणजे ऐन गोंधळाच्या काळातला. त्यामुळे त्या पिढीतला एकच माणूस एका वहीत हान्सेन असू शकतो आणि दुसऱ्या वहीत बापाचं आडनाव लावलेला. जटलंडच्या दक्षिणेच्या स्लेस्विगमध्ये कायम आडनावाचा नियम 1771 सालीच आला होता. घराणं तिथलं निघावं अशी मी फार आशा धरून होते.

एका सशुल्क संकेतस्थळावर लोकांनी टाकलेल्या वंशवृक्षांच्या झाडांनी तर मूळपुरुष कधीच 'सापडवला' होता: जटलंडमधल्या व्हिबोर्गजवळ 1841 मध्ये जन्मलेला, त्याच नावाचा. एका झाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर तीच नोंद उतरत गेलेली. तो माणूस 1 फेब्रुवारी 1880 च्या डॅनिश खानेसुमारीत बायको-मुलांसह व्हिबोर्ग जिल्ह्यातच राहतोय. त्या सालापर्यंत आपला माणूस डॅनिव्हर्कला जंगल तोडत होता. ही फांदी मी छाटली आणि त्या संध्याकाळी मनापासून आनंद झाला. एखादा माणूस नक्की आपला नाही हे पुराव्यानिशी सांगता येणं, हेही या छंदातलं मोठं सुख आहे.

खरी कलाटणी मात्र घरबसल्या मिळाली. सासऱ्यांचे आजोबा 1877 मध्ये डॅनिव्हर्कला जन्मले. न्यूझीलंडच्या जन्मनोंदींत 1876 पासून आईबापांचं वय, जन्मस्थान आणि लग्नाची तारीख-ठिकाण लिहायला लागले. सासूबाईंकडे या नोंदीचा टाइप केलेला दाखला होता. त्यात आईचं माहेरचं नाव 'क्रेगबर्न', म्हणून घरात सगळे तिला स्कॉटिश समजत. लग्न 1868, ठिकाण 'व्हिबोर्ग, डेन्मार्क'. स्कॉटिश मुलगी 1868 मध्ये व्हिबोर्गला कशी पोचली, हे कोडं कुणालाच सुटत नव्हतं.

इथे एक कळकळीची विनंती: जुन्या नोंदींसाठी टाइप केलेला दाखला घेऊ नका, 'प्रिंटआउट' मागवा. तो स्वस्तही पडतो, आणि मूळ रजिस्टरचं चित्र मिळतं, कारकुनाच्या हस्ताक्षरासकट. ते चित्र मोठं करून पाहिलं. शेवटची अक्षरं 'बर्न' म्हणून वाचली गेली होती, पण यू-आर-एन आणि ए-यू-एम यांच्या उभ्या रेघा जवळजवळ सारख्याच पडतात. त्याच कारकुनाने त्याच पानावर इतरत्र लिहिलेला 'ए' शेजारी ठेवला. तसाच डोक्यावर किंचित उघडा राहिलेला. मग पहिलं अक्षर पाहिलं, तर ते सी नव्हतं, के होतं. क्रीगबाउम!

फ्रेडरिक्सभोवतालच्या अल्हेडे माळाच्या नोंदी ज्यांनी चाळल्या आहेत त्यांच्या अंगावर आत्ता काटा आला असेल. हे नाव 'बटाटा-जर्मनां'चं. डेन्मार्कचा राजा पाचव्या फ्रेडरिकने 1759 पासून पुढच्या काही वर्षांत जर्मनीच्या हेसे आणि फाल्ट्स भागांतून शेतकरी कुटुंबं बोलावून जटलंडच्या हीदर माजलेल्या उजाड माळावर वसवली. त्यांनी तिथे बटाटा लावला, म्हणून हे नाव पडलं. बरीच कुटुंबं कंटाळून निघून गेली. जी राहिली त्यांच्यासाठी फ्रेडरिक्सचं चर्च 1766 मध्ये उभं राहिलं. आणि आपल्या दृष्टीने सोन्यासारखी गोष्ट म्हणजे ही माणसं आपली जर्मन आडनावं घेऊन आली आणि ती त्यांनी सोडली नाहीत. हान्सेन, येन्सेन, निल्सेनच्या गर्दीत क्रीगबाउम बाई लपूच शकत नाही.

म्हणजे दाखल्यातलं 'व्हिबोर्ग' शहर नव्हतं, जिल्हा होता. परदेशातल्या कारकुनाला सांगताना लोक जिल्ह्याचं नाव सांगून मोकळे होत, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवावं. मी थेट फ्रेडरिक्सची वही उघडली. डॅनिश राष्ट्रीय अभिलेखागाराने चर्चच्या वह्या ऑनलाइन फुकट ठेवल्या आहेत, त्याबद्दल त्यांचे मानावे तेवढे आभार थोडे.

1868 च्या विवाहांत ती आहे. अक्षर गॉथिक, तिथल्या शाळांतून ते 1875 मध्ये गेलं. मोडी वाचणाऱ्यांनी याला घाबरू नये, नजर एकदा बसली की बसली. यू-वर छोटी कमान असते, ती धरून चाला. ई अगदी एन-सारखा दिसतो. हस्ताक्षर वाचणारी सॉफ्टवेअरं स्वच्छ लिहिणाऱ्या पाद्र्यांपुरती ठीक आहेत. हा पाद्री घाईत लिहिणारा होता, म्हणून सगळं डोळ्यांनीच वाचलं. वधूच्या पुढे वराची नोंद: वय 27, बापाचं पूर्ण नाव, जन्माचं गाव, देवीची लस कधी आणि कुणी टोचली ते. लस टोचल्याशिवाय लग्नच लागत नसे, म्हणून हा रकाना नेहमी भरलेला असतो. (गाव शेजारच्याच पॅरिशमधलं आहे. तिथे नातेवाईक राहतात, म्हणून नाव इथे देत नाही.)

बापाचं नाव आणि गाव मिळाल्यावर पुढे लेग्ड-याद्यांनी (लेग्ड म्हणजे लष्करभरतीचा विभाग) हात दिला. ज्यांनी अजून त्या उघडल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: 1788 पासून शेतकरीवर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव जन्मतःच लष्करभरतीच्या यादीत बापाच्या नावाखाली चढायचं. 1849 नंतर ते वयाच्या पंधराव्या वर्षी चढू लागलं. दर यादीत जुना क्रमांक, नवा क्रमांक, जन्मस्थान, वय, उंची, मुक्काम आणि शेरा. मुलगा गाव बदलून गडी म्हणून दुसरीकडे राहिला, की शेऱ्यात नव्या लेग्डचा क्रमांक येतो. आडनाव काहीही लिहिलं असो, क्रमांकाचा धागा तुटत नाही. एका यादीत आपल्या माणसाला बापाचं आडनाव लावलंय, पुढच्या यादीत तो हान्सेन आहे. क्रमांक जुळतात, म्हणून माणूस एकच. उंची 64 डॅनिश इंच, म्हणजे साधारण 167 सेंटिमीटर. त्याचा फोटो कुणाकडेच नाही, पण आता निदान उंची माहीत आहे. सासूबाईंनी ती लगेच दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने आखून ठेवली. आणि शेवटच्या यादीत शेऱ्याच्या रकान्यात देशांतराची नोंद, साल 1872.

क्रीगबाउम बाईंचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्या पूर्वजांना राजाने झाड नसलेल्या माळावर नेऊन बसवलं होतं. तिला न्यूझीलंड सरकारने 40 एकर दिले, हप्त्यांनी फेडायचे, आणि त्यावर तोतारा-रिमूचं एवढं दाट जंगल की आकाश दिसायची मारामार. पुरुष रस्त्याच्या कामाला आणि रेल्वेचे तोतारा स्लीपर पाडायला जात. मागे बाई, मुलं आणि जळक्या खुंटांमधली शेती. झाडांत तिच्या नावापुढे आजवर नुसतं 'स्कॉटलंड?' होतं. यापुढे या घराण्याची सुरुवात मी तिच्या बाजूने मांडणार आहे.

पुढचा बेत हॅम्बुर्गच्या प्रवासी याद्यांचा होता, लंडनमार्गे जाणाऱ्यांच्या. हे लिहिता लिहिता तो बाजूला ठेवतेय, कारण लेग्ड-यादीतला दुसरा एक शेरा आत्ता नीट वाचला: सैन्यात घेतल्याचा, लग्नाच्या चार-पाच वर्षं आधीचा. 1841 चा जन्म म्हणजे 1864 च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात तो ऐन भरतीच्या वयाचा. डेन्मार्कने 1876 मध्ये त्या युद्धातल्या सैनिकांसाठी स्मृतिपदक काढलं, पण ते आपणहून अर्ज करणाऱ्यालाच मिळे, आणि अमेरिकेत गेलेल्या सैनिकांनीही अर्ज पाठवले होते. अर्जात पलटण आणि सेवेचा तपशील असतो. त्याने डॅनिव्हर्कहून अर्ज केला असेल तर त्याचं स्वतःचं हस्ताक्षर मिळेल. पदकांचे अर्ज कुणी चाळले असतील तर ते नावाने लावले आहेत की पलटणीने, एवढं सांगा. आज रात्री तिथूनच सुरुवात करतेय.