तुम्ही विचारलंत म्हणून: झाबुझाचं हाकूवर प्रेम होतं का?

"झाबुझाचा हाकूवर जीव होता, की तो त्याला नुसता वापरत होता?" 'नारुतो' या जपानी कॉमिकचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. झाबुझा म्हणजे त्यातला गाव सोडून परागंदा झालेला निन्जा, हाकू म्हणजे त्याने वाढवलेला पोरगा आणि साथीदार. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: "जीव होता म्हणता, तर पुलावर रडायच्या आधी तो कुठे दिसतो? पान दाखवा." मी आजवर याची उत्तरं तुकड्यातुकड्याने दिली आणि ऐकणाऱ्याने दर वेळी सोयीचा तुकडा तेवढा उचलला. म्हणून आता एकदा सलग लिहिते.

लाटांच्या देशात कोण कशासाठी गेलं ते सांगत बसत नाही. एवढं पुरे: एका बाजूला झाबुझा आणि हाकू, दुसऱ्या बाजूला काकाशी हा निन्जा गुरू आणि त्याचा शिष्य नारुतो, आणि शेवटची लढाई पुलावर. मासाशी किशिमोतोची ही मालिका 1999 ते 2014 चालली, 700 प्रकरणं आणि 72 खंड झाले. झाबुझा आणि हाकू पहिल्या चार खंडांतच येऊन संपतात. एक विनंती आहे: वाद घालायचा तर छापील पानावरून घाला. अॅनिमेत, म्हणजे पडद्यावरच्या आवृत्तीत, हा भाग सहाव्या ते एकोणिसाव्या एपिसोडात येतो आणि तिथे कधी रडायचं ते संगीत सांगतं. कागदावर फक्त काळी शाई असते. तिथे जे सापडेल तेच पुरावा.

आधी शब्द बघू. हाकू स्वतःबद्दल दोन शब्द वापरतो, 'बुकी' आणि 'दोगू'. बुकी म्हणजे शस्त्र, दोगू म्हणजे अवजार. झाबुझा गाव सोडून परागंदा व्हायला निघतो तेव्हा म्हणतो की मला सांत्वन नको, धीर देणारं कोणी नको. हाकू त्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. मला कळतंय, म्हणतो, मी तुमचं शस्त्र आहे, सांगाल ते ऐकणारं साधं अवजार म्हणून जवळ ठेवा. झाबुझाचं उत्तर आहे 'ई को दा'. "गुणी पोर आहेस." शस्त्राला कोणी गुणी पोर म्हणत नाही. माझ्या मते पहिली फट इथे पडते, आणि ती झाबुझाच्या बाजूने पडते.

मराठीत वाचताना आपल्याला एक अडचण येते, ती सांगून ठेवते. आपल्याकडे खंडेनवमीला अवजारं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून पुजतात. त्यामुळे 'अवजार' या शब्दात आपल्याला माया ऐकू येते. जपानी वाक्यात ती नाही. तिथे दोगू म्हणजे वापरायची वस्तू, मोडली की टाकायची. लढाईत मुखवटा फुटून हरल्यावर हाकू नारुतोला म्हणतोच ना, मी आता निकामी झालोय, मला मारून टाक. 'अवजार' शब्दात जिव्हाळा वाचून "बघा, तो त्याला किती मानत होता" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो जिव्हाळा आपल्या घरचा आहे, त्यांच्या नव्हे.

आता पान. पहिल्या लढाईत हाकू झाबुझाच्या मानेत सुया मारून त्याला खोटं मरण देतो आणि पळवून नेतो. झाबुझा आठवडाभर अंथरुणाला खिळतो. गातो, म्हणजे ज्याच्या पैशावर हे काम चाललंय तो जहाजमालक, दोन तलवारवाल्यांना घेऊन येतो, टोमणे मारतो आणि पडलेल्या झाबुझाकडे हात नेतो. हाकू तो हात धरून मोडतो. घाणेरडा हात झाबुझा-सानना लावू नकोस, एवढंच सांगतो. ते लोक गेल्यावर झाबुझा म्हणतो की याची काही गरज नव्हती. कारण पांघरुणाखाली त्याच्या हातात कुनाई, म्हणजे निन्जाचा छोटा सुरा, आहे. हाकू म्हणतो, माहीत आहे.

हे 'माहीत आहे' पुन्हा वाचा. रक्षणाची गरज नाही हे हाकूला ठाऊक होतं, तरी त्याने हात मोडला. गातोला आत्ताच मारलं तर पुन्हा पाठलाग सुरू होईल हा हिशेबही तो लगेच सांगतो, आणि तो खराच आहे. पण त्या हिशेबासाठी हात मोडायची गरज नव्हती, गातोला अडवलं असतं तरी भागलं असतं. लपलेली निष्ठा शोधायची माझी पद्धत एवढीच आहे: कामासाठी जेवढं लागतं तेवढं वजा करा आणि काय उरतं ते बघा. इथे एक मोडलेला हात उरतो. तो मोडलेला हात पुढे पुलावर परत येतो, तो लक्षात ठेवा.

हाकूच्या बाजूने एवढं पुरे. त्याच्या निष्ठेबद्दल कोणी शंका घेत नाही, खोळंबा झाबुझापाशी आहे. झाबुझाच्या बाजूने वजाबाकी करायला गेलं तर पुलापर्यंत फार थोडं हाती लागतं, हे मी मान्य करते. ते एक 'गुणी पोर'. त्याआधीची बर्फातली पहिली भेट. तिथे तो पोराला सांगतो की तू कुणालाही नको आहेस, असाच रस्त्यावर मरशील. पोरगं हसतं आणि थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारून म्हणतं, तुझे डोळे माझ्यासारखेच आहेत. झाबुझा त्यावर हो म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. तुझं रक्त आजपासून माझं, चल माझ्याबरोबर, एवढंच. म्हणजे रक्तातल्या बर्फाच्या विद्येचा सौदा. यात माया दिसत असेल तर ती तुम्ही आणलेली आहे.

मग पूल. इथे सावकाश जाऊ.

धुक्यात काकाशीचे 8 कुत्रे झाबुझाला चावून जागच्या जागी खिळवतात. काकाशी उजव्या हातात वीज घेऊन धावतो. हाकू मधे येतो, वार छातीतून आरपार जातो आणि मरता मरता तो काकाशीचा हात धरून ठेवतो. हे चित्र सगळ्यांना पाठ असतं. पुढची दोन वाक्यं मात्र लोक विसरतात, किंवा विसरल्यासारखं करतात. झाबुझा म्हणतो, "शाब्बास, हाकू." आणि मग म्हणतो की मला रस्त्यात सापडलेला माल फारच चांगला निघाला. शब्द आहे 'हिरोइमोनो', म्हणजे उचलून आणलेली, सापडलेली वस्तू. आणि तो तलवार फिरवतो. हाकूचं शरीर मधे आहे, काकाशी पलीकडे. दोघांना एकदम कापायला.

काकाशी हाकूला घेऊन मागे उडी मारतो म्हणून ते शरीर वाचतं. हाकूचे उघडे राहिलेले डोळे मिटवतो तोही काकाशी. ज्याच्या डोळ्यांसारखे ते डोळे होते, तो त्या वेळी तलवार पुन्हा पेलून धरत असतो.

पूर्वी मी याचं समर्थन करायचे. म्हणायचे की हाकूने शेवटचा श्वास वापरून काकाशीचा हात धरला तो याचसाठी, झाबुझाला वार करता यावा म्हणून. तो वार न करणं म्हणजे हाकूचं मरण फुकट घालवणं. अवजार होऊन जगलेल्याची इच्छा अवजार म्हणून वापरूनच पुरी होते. तर्क बिनचूक आहे, आणि आज मला तो आवडत नाही. कारण त्यात झाबुझाला काहीही केलं तरी सूट मिळते. त्याने वार केला तर निष्ठेचा मान राखला, थांबला असता तर मायेला जागला. दोन्हीकडून सारखंच सिद्ध होत असेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. माझ्या जुन्या मताला मी हे उत्तर देते. पण जुनं मत त्यावर म्हणतं, मग हाकूने हात धरला कशाला? आणि तिथे मला गप्प बसावं लागतं.

या वारानंतर झाबुझा नीट लढतच नाही. पुढची पानं एकदा फक्त हालचालींसाठी वाचा, संवाद सोडून द्या. तो थेट अंगावर जातो आणि मार खातो, डावपेच राहिलेले नाहीत. काकाशी त्याचे दोन्ही हात निकामी करतो. काहीजण म्हणतात की कुत्र्यांच्या चाव्यांमुळे तो आधीच अर्धमेला होता. तेही खरं आहे. हालचालींवरून मन वाचायचं तर हा धोका राहतोच: जखम आणि दुःख चित्रात सारखंच दिसतं.

मग गुंडांचा जथा घेऊन गातो येतो. पैसे द्यायचे नव्हतेच, सगळ्यांना मारायचं ठरलेलं होतं, हे सांगतो. झाबुझा काकाशीला म्हणतो, आता आपलं वैर उरलं नाही. आणि गातो हाकूच्या मेलेल्या चेहऱ्यावर लाथ मारतो, कारण याच पोराने त्याचा हात मोडला होता. परत आलेला हात तो हा.

झाबुझा हलत नाही. नारुतो ओरडतो, काही वाटत नाही का तुला, तो कायम तुझ्याबरोबर होता ना, त्याचा तुझ्यावर एवढा जीव होता. झाबुझा पाठमोरा उभा राहून आधी तेच जुनं वाक्य म्हणतो: निन्जा म्हणजे अवजार, मला त्याचं रक्त हवं होतं, तो नव्हे. नारुतो बोलत राहतो, रडत राहतो. शेवटी झाबुझा म्हणतो, "पोरा, यापुढे काही बोलू नकोस." डोळ्यांतलं पाणी तोंडावर गुंडाळलेल्या पट्ट्यांवरून खाली येतं.

आपल्या कॉमिकात अशी जोडी रंगवणाऱ्यांना मी हे पान उघडून बसायला सांगते. चुकतं ते ठरावीक जागी चुकतं. खलनायक एकटा असताना साथीदाराच्या पांघरुणाची घडी नीट करतो, नाहीतर तो झोपलेला असताना त्याच्याकडे बघतो असं एखादं चौकट घातलेलं असतं. वाचकाला आधीच सगळं कळतं आणि मग पुढच्या क्रूरपणाला धार राहत नाही. किशिमोतोने तसं एकही चौकट दिलेलं नाही. त्याने झाबुझाचं तोंड आणि नाक पट्ट्यांखाली झाकलं, म्हणजे भाव दाखवायला फक्त डोळे आणि भुवया उरल्या. हाकूला मुखवटा दिला. बोलायला दोघांना सेवेची भाषा तेवढी ठेवली. आणि मग तिसरं माणूस आणलं. हे तिसरं माणूस नसेल तर जोडी मुकीच राहते, कारण या दोघांपैकी कोणीही ते वाक्य उच्चारणार नाही. नारुतो ते उच्चारतो, आणि तेही हाकूच्या बाजूचं: त्याचा तुझ्यावर जीव होता. झाबुझाच्या बाजूचं वाक्य कोणीच म्हणत नाही.

त्यानंतर झाबुझा नारुतोकडे कुनाई मागतो. हात लोंबकळताहेत, म्हणून तोंडावरच्या पट्ट्या दातांनी फाडतो आणि कुनाई दातांत धरतो. पांघरुणाखाली लपवलेली कुनाई आठवा. तेव्हा हातात शस्त्र होतं, गातो हाताच्या अंतरावर होता आणि तरी वार हाकूने केला. आता हाकू नाही, हातही नाहीत. पाठीत भाले घुसत असताना तो जथ्यातून गातोपर्यंत जातो आणि सांगतो की हाकू गेला तिथे मी जाणार नाही, तू आणि मी नरकात जाऊ.

ज्यांना पुरावा हवा असतो त्यांना मी अश्रू दाखवत नाही, हे वाक्य दाखवते. अश्रू नारुतोने काढले असं म्हणता येतं. पण हाकूची जागा वेगळी आणि आपली वेगळी, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. शेवटी पडल्यावर तो काकाशीला सांगतो, मला हाकूशेजारी ने. तिथे बर्फ पडत असताना म्हणतो, जमलं तर तू गेलास तिथेच जावंसं वाटतंय रे, मलाही. मूळ क्रियापद 'इकितेए' असं आहे, रांगडं. आणि सर्वनाम तेच 'ओमाए', म्हणजे 'तू', जे तो आयुष्यभर वापरत आला. मराठीत आणताना हे वाक्य गोड करू नका. भाषा तीच आहे, फक्त पहिल्यांदा ती काहीतरी मागते आहे.

हे प्रेमप्रकरण होतं का, असंही विचारतात. हाकू 15 वर्षांचा, झाबुझा 26 चा, आणि पोराला त्याने लहानपणी रस्त्यावरून उचलून वाढवलेलं. हे वाढवणाऱ्याचं आणि वाढलेल्याचं नातं आहे आणि त्यातला अन्यायही तोच आहे: ज्याला दुसरं कोणी नाही अशा पोराला "तुझा उपयोग आहे" एवढंच शिकवलं. जीव होता असं सिद्ध झालं तरी हा अन्याय कमी होत नाही. माझा राग आहे तो "शेवटी रडला ना" असं म्हणून पान उलटणाऱ्यांवर. आणि तितकाच "वापरलंच त्याने" म्हणून पान न उघडणाऱ्यांवर.

पुढे मालिकेतल्या महायुद्धात दोघांना मेलेल्यांतून उठवतात आणि काकाशी पुन्हा समोर येतो. अनेकजण तिथली वाक्यं उत्तर म्हणून आणतात. मी ती धरत नाही. तोवर वाचकांनी इतकी वर्षं विचारलेलं असतं की लेखकाला बोलावंच लागतं. माझ्यासाठी चौथ्या खंडातल्या दोन कबरी पुरेशा आहेत, शेजारी शेजारी, आणि तिथे रोवलेली ती तलवार. तीच तलवार जी हाकूच्या शरीरावर फिरली होती. ती तिथे का ठेवली, हे मला तुमच्याइतकंच छळतं.