तुम्ही विचारलंत म्हणून: आधी गन नको

'मुलीला नेमबाजी शिकायचीय, गन कुठली घेऊ? लाखाच्या आत बसेल का?' २०२४च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून हे मला सारखं विचारलं जातं.

पहिले सहा महिने गन घेऊच नका. क्लबची वापरा, पैसे रेंजच्या, म्हणजे सरावाच्या जागेच्या, फीला आणि पेलेटना (छर्ऱ्यांना) ठेवा.

स्वप्नीलचा प्रकार ५० मीटरचा, त्याच्या रायफलीला परवाना लागतो. तुम्ही सुरुवात १० मीटर एअरवर, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनवर, करा. रायफल की पिस्तूल, इथेच निम्मा खर्च ठरतो. रायफलला जाड जॅकेट, पँट, खास बूट, ग्लोव्ह. पिस्तुलाला यातलं काही नको, सपाट तळाचे साधे बूट पुरतात. रायफलच हवी असेल तर 'ओपन साइट' (नेम धरायची साधी, उघडी खूण) गट बघा. त्यात भारतीय बनावटीच्या साध्या रायफलीवरही उतरता येतं.

आता खरं काम. मॅच पिस्तूल साधारण किलोभराचं असतं. घरी लिटरभर पाण्याची बाटली घ्या, कोऱ्या भिंतीसमोर एका हातानं खांद्याच्या रेषेत धरा, दहा सेकंद, मग विश्रांती. असं वीस वेळा, रोज. मी हे सहा महिने केलं आणि माझा हात स्थिर झाला तो यानंच. पुढे क्लबच्या पिस्तुलावर ड्राय फायरिंग करा: पेलेट न घालता नुसता ट्रिगर. नजर पुढच्या साइटवर. टार्गेट धूसर दिसलं तर तसंच दिसायला हवं. फक्त स्प्रिंगच्या गनवर हे करू नका, आतला पिस्टन आपटून खराब होतो.

पेलेटचा हिशोब सोपा आहे. आठवड्याला तीन दिवस, दिवसाला पन्नास, म्हणजे ५०० चा डबा तीन आठवड्यांच्या थोडा वर जातो. रोज शंभर उडवणाऱ्यापेक्षा मोजून पन्नास मारणारी मुलं मला लवकर सुधारताना दिसली आहेत. टार्गेटचा कागद उलटा लावा आणि पांढऱ्या बाजूवर ग्रुप बांधायला, म्हणजे सगळे छर्रे जवळजवळ पाडायला, शिकवा; गुण मोजायची घाई सुटते.

सेकंडहँड गन घ्यायची वेळ आली की आधी तिला हवा पुरवणाऱ्या सिलिंडरवरची तारीख वाचा. या सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षं धरतात. मी ते न बघता पिस्तूल घेतलं, मुदत संपलेली निघाली आणि नव्या सिलिंडरला वर्षाच्या पेलेटचे पैसे गेले. ते अजून सलतं.

आणि रेंजवरून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय मुलीला जेवणाचा डबा उघडू देऊ नका. पेलेट शिशाचे असतात.