ॲलिगेटर आणि केमन, 1:10 : दोन डोकी फोडली, तिसरं जमलं

मंडळी, ॲलिगेटर आणि केमन या मगरीच्या दोन नातेवाइकांची खऱ्याच्या एक दशांश मापाची मॉडेलं करतोय, मागच्या वेळी त्यांचे तारेचे सांगाडे दाखवले होते. ॲलिगेटर 35 सेंटिमीटर, केमन 18. म्हणजे साडेतीन मीटरचा ॲलिगेटरचा नर आणि त्याच्या शेजारी जेमतेम अर्धा, चष्मेवाला केमन. त्यानंतर महिनाभर गप्प होतो, कारण ॲलिगेटरचं डोकं दोनदा फोडलं.

पहिलं डोकं माझ्या मते झकास जमलं होतं. रुंद, बोथट थोबाड, मिटलेला जबडा. बायको चहा ठेवायला आली, थबकली आणि म्हणाली, "ही आमच्या कृष्णेतली मगर ना?" तिचं माहेर सांगली. काठावर ऊन खात पडलेल्या मगरी तिनं लहानपणापासून पाहिल्यात, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुन्हा बघितलं तेव्हा घोळ कळला. खालच्या जबड्याचा चौथा दात मी बाहेर ठेवला होता. मगरीनं तोंड मिटलं तरी तो दात दिसतो; ॲलिगेटरचा वरच्या जबड्यातल्या खळग्यात जाऊन बसतो आणि दिसतात ते फक्त वरचे दात. मॉडेल क्र. 1 मगरीचं होतं, हाताला तीच सवय. त्यात आपल्या मगरीचं थोबाडही चांगलंच रुंद, त्यामुळे नुसत्या आकारावर गेलं की फसगत ठरलेली.

दुसऱ्या डोक्याची गोष्ट छोटी आहे. एपॉक्सी पुट्टीचे दोन भाग सारखे मिसळले की ती कडक होते, मी ते अंदाजपंचे मळले. तीन दिवसांनी बोट लावलं तर चिकट. केराच्या टोपलीत.

केमनचं काम उलट मजेत झालं. तोही ॲलिगेटरच्याच कुळातला, त्यामुळे चौथा दात इथेही झाकलेला. ओळख पटते ती डोळ्यांपाशी. दोन डोळ्यांच्या पुढून हाडाचा एक आडवा उंचवटा जातो, चष्म्याची नाकावरची दांडी असावी तसा. नावातला चष्मा तो हाच. (शास्त्रीय नाव मात्र केमन क्रोकोडायलस. नाव ठेवणाऱ्यांना नमस्कार.) पुट्टीची शेवईएवढी वळी करून ठेवली, रफूच्या सुईनं दोन्ही टोकं दाबली. पहिली वळी जाड झाली आणि प्राण्याला कपाळावर पट्टी बांधल्यासारखं दिसायला लागलं. ब्लेडनं निम्मी तासली. कवटीत आणखी एक फरक असतो, ॲलिगेटरच्या नाकपुड्यांमध्ये हाडाचा पडदा असतो, केमनला नसतो. बाहेरून दिसत नाही, म्हणून तेवढी मेहनत वाचली.

पोटाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. केमनच्या पोटाच्या खवल्यांखालीही हाडाच्या चकत्या असतात, म्हणून कातडं ताठ. अमेरिकन ॲलिगेटरचं पोट त्या मानानं मऊ, आणि चामड्यापायी तो इतका मारला गेला की 1967 साली त्याला संकटग्रस्त यादीत घालावं लागलं. 1987 साली तो सावरल्याचं जाहीर झालं. मी केमनच्या पोटावर ओळी कडक, ठसठशीत कोरल्या. ॲलिगेटरच्या नुसत्या रेघा ओढल्या.

आता तळपाट, म्हणजे मॉडेलच्या खालचा देखावा. त्यासाठी कोण कुठे राहतो ते बघावं लागतं. ॲलिगेटरच्या दोनच जाती, एक अमेरिकेच्या आग्नेय भागात, दुसरी चीनमध्ये यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात, आणि तीही निसर्गात फार थोडी उरलेली. केमनच्या सहा, मेक्सिकोच्या दक्षिणेपासून अर्जेंटिनाच्या उत्तरेपर्यंत. केमन म्हणजे लहानच असं समजू नका, ॲमेझॉनमधला काळा केमन चार मीटरच्या पुढे जातो. खरी वाटणी थंडीनं केली आहे. उत्तर कॅरोलिनात 2018 च्या जानेवारीत दलदल गोठली तेव्हा ॲलिगेटर नाकाचा शेंडा बर्फाबाहेर ठेवून खाली निश्चल तरंगत होते. केमनला ही थंडी झेपत नाही. पाळायला आणून सोडून दिलेल्यांची पिल्लावळ अमेरिकेत टिकली तीही दक्षिण फ्लोरिडात.

त्यामुळे ॲलिगेटरला दलदलीचा तळपाट करून वर रेझिनचा बर्फ ओततोय, फक्त नाक बाहेर. हो, एवढ्या रडारडीनंतर जमलेलं डोकं बर्फाखाली जाणार, बायकोनं हसून घेतलंय. केमनला व्हेनेझुएलातल्या यानोस या गवताळ मैदानांचा उन्हाळा: आटलेलं डबकं, भेगाळलेला चिखल. चिखलाला शाडूच घेतली, वाळताना भेगा आपोआप पडतात. गणपती करताना जी कटकट, ती इथे फुकटात कामाला आली.

रंग: ॲलिगेटर जवळजवळ काळा, केमन मातकट हिरवा, शेपटीवर गडद पट्टे. डोळे राहिलेत. मधाच्या रंगाचे दोन मिलिमीटरचे मणी मिळालेत, उभी बाहुली एका केसाच्या ब्रशनं काढायची आहे. आज हात थरथरत होता, उद्या सकाळी बसतो.