चौथ्या खोक्याचा पडदा अखेर सरळ उतरला

मंडळी, उतरला! रविवारी रात्री पावणेबाराला चौथ्या खोक्याचा पडदा न तिरकता खाली आला. मग मी तो इतक्या वेळा वरखाली केला, की आई आतून ओरडली, "अरे, तुझा प्रयोग संपणार आहे की नाही?"

गायक-नट केशवराव भोसले यांच्या आयुष्यातले प्रसंग मी खोक्यांत, म्हणजे रंगमंचाच्या छोट्या प्रतिकृतींत, बसवतोय. या पडद्याबद्दल मागच्या वेळी नुसती चिडचिड लिहिली होती, आता नीट सांगतो. शारदा (त्यांची लहानपणची भूमिका), हुबळी (जिथे त्यांनी नाटक कंपनी काढली) आणि मृणालिनी (त्यांची आणखी एक भूमिका) ही तीन खोकी तुम्ही पाहिलीत. त्यांतले पडदे मी मागे सरळ चिकटवून टाकले होते. चौथ्यात ती लबाडी चालण्यासारखी नव्हती. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, संयुक्त 'मानापमान'. नायक धैर्यधर केशवराव, नायिका भामिनी बालगंधर्व. स्वातंत्र्य चळवळीच्या टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, केशवरावांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी, एका रंगमंचावर. तिथे पडदा हलला नाही तर खोकं करायचंच कशाला?

म्हणून खरा गुंडाळीचा पडदा. वर फळीला ठोकलेलं कापड, खाली दांडा, दांड्याच्या दोन्ही टोकांवर उलटी गुंडाळलेली दोरी. ओढली की दांडा फिरत वर चढतो आणि कापड स्वतःभोवती घेतो; सोडली की स्वतःच्या वजनाने उलगडत खाली. माझा वर जायचा झकास. खाली येताना डावं टोक अडकायचं, उजवं पुढे पळायचं आणि पडद्यावर रंगवलेल्या राजवाड्याचे खांब पडल्यासारखे दिसायचे.

दोरी बदलली. नायलॉन काढून मेण लावलेला सुती दोरा घेतला. कापड गुण्यात (काटकोनात) नाही असं वाटून फाडून पुन्हा कापलं. ऑनलाइन मागवलेलं 'मॉडेलसाठी खास' कापड तर पुठ्ठ्यासारखं निघालं. इथल्या, ठाण्याच्या जांभळी नाक्यावरची साधी मलमल त्याच्या दसपट बरी. पण तिच्यावर ॲक्रिलिक मारलं की तिचाही पापड. तीन पडदे वाया गेले.

शेवटी नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या इमारतीतल्या आजोबांना गाठलं. त्यांनी जन्मभर नाटकांच्या दौऱ्यांवर पडदे ओढलेत. खोकं हातात घेऊन त्यांनी करंगळीने दांडा उचलला आणि हसले. "वजन कुठंय रे याला? आमचा दांडा सुटला आणि खाली कोणी पोर असलं, तर टाळकं फुटायचं."

आणि डोक्यात लख्ख पडलं. माझं माप १:२५. लांबी २५ पटीने लहान होते, पण वजन २५ गुणिले २५ गुणिले २५, म्हणजे १५,६२५ पटीने. खरा दांडा २० किलोचा धरला तर माझ्या वाट्याला सव्वा ग्रॅम! बांबूची काडी त्याहून जड होती, तरी दोऱ्याचं घर्षण आणि रंगाचा ताठरपणा मापाच्या हिशेबाने थोडेच कमी होतात?

चेंदणी कोळीवाड्यातून जाळ्याला लावतात त्या शिशाच्या बारीक गोळ्या आणल्या, ॲल्युमिनियमच्या नळीत ठासल्या, टोकं मेणाने बंद केली. दांडा ७० ग्रॅमच्या आसपास भरला. मापाला सोडचिठ्ठी दिली, हे कबूल. लगेच पहिल्याच फेरीत पडदा धप्पकन खाली! काय आवाज होता तो.

रंगही बदलला. ॲक्रिलिक बंद, आता पूड रंग आणि सरस, जुन्या रंगाऱ्यांसारखं. ललितकलादर्शचे पडदे आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी रंगवले, ते काही नळ्या पिळून नव्हे. ठाण्याच्या पावसाळ्यात सरस घाम सुटल्यासारखा चिकट होतो आणि घरभर वास. चिमूटभर तुरटी घातल्यावर तो धरला; वास अजून आहे.

एक तक्रार करूनच टाकतो. केशवराव म्हटलं की लोक संयुक्त मानापमानापुढे जात नाहीत, आणि मागेही. ४ ऑक्टोबर १९२१ ला विषमज्वराने गेले तेव्हा वय जेमतेम ३१. पण ललितकलादर्श त्यांनी १९०८ मध्ये, अठरावंही पुरं नसताना काढली होती. नायिका म्हणून उभं राहायचं, कंपनी चालवायची, पडदे-पोशाखाचा खर्चही स्वतःच्या डोक्यावर. ते सगळं एका रात्रीत कसं बसवणार?

पाचवं खोकं कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरचं करायचं ठरलं होतं, म्हणजे आताच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचं, ८ ऑगस्ट २०२४ ला आगीत गेलं तसं. दुसऱ्याच दिवशी त्यांची जयंती होती. जळक्या काड्या जमवूनही ठेवल्यात. पण हे लिहितालिहिता वाटतंय, थांबावं. आधी शारदेचं खोकं उघडतो. स्वदेशहितचिंतक मंडळी या नाटक कंपनीतलं ते पोर, म्हणजे लहानपणीचे केशवराव, चिकटवलेल्या पडद्यापुढे उभं आहे, हे आता मला बघवत नाही. त्याचा पडदा अरुंद आहे, २६ सेंटीमीटर. नळीही बारीक लागेल, आतून ४ मिलिमीटर, आणि माझ्या गोळ्या तिच्यात जात नाहीत. कोणाकडे बारीक छर्रे असतील तर कळवा, घ्यायला मी येतो.